मागे काय असावं? समारंभातल्या ग्रुप फोटोच्या पार्श्वभूमीचा आढावा

लग्न, मुंज, साठीशांत, शाळेचं स्नेहसंमेलन, कंपनीचा वर्धापनदिन. समारंभ कुठलाही असो, ग्रुप फोटो चुकत नाही. कँडिड फोटोंची लाट आली, ड्रोन आले, तरी अल्बम हातात पडला की घरातली मोठी माणसं आधी 'सगळ्यांचा एकत्र' असलेला फोटो शोधतात. त्यात कोण कुठे उभं राहणार यावरून रुसवेफुगवे होतात, पण मागे काय असणार यावर घरात सहसा चर्चा होत नाही. ते डेकोरेटरने किंवा कार्यालयाच्या मालकाने ठरवलेलं असतं. छायाचित्रकार कॅमेऱ्याची बॅग घेऊन पोचतो तेव्हा मंच सजून तयार असतो.

छायाचित्रकारांच्या आपापसांतल्या बोलण्यात मात्र हा वाद बराच जुना आहे. पार्श्वभूमी साधी असावी की सजवलेली, जागा आहे तशी दिसू द्यावी की झाकावी, आणि आता संगणकावर ती बदलता येत असताना मुळात तिची चिंता करावी का, असे त्याचे पदर आहेत.

सुरुवात उजेडाने ठरवली

मुंबईत 'फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे' १८५४ मध्ये स्थापन झाली. त्या काळातल्या ओल्या काचेच्या प्लेटला काही सेकंद प्रकाश द्यावा लागे. एकटा माणूस डोक्यामागे आधार लावून, काचेच्या छपराखालच्या स्टुडिओत तेवढा वेळ स्थिर बसू शकत असे. पंचवीस-तीस माणसांना स्टुडिओत ना जागा पुरे, ना उजेड. म्हणून मोठे समूह बाहेर अंगणात, व्हरांड्यासमोर किंवा इमारतीच्या पायऱ्यांवर बसवले जाऊ लागले. पायऱ्यांवर मागच्या ओळी आपोआप उंच होतात आणि इमारतीच्या सावलीतला उजेड चेहऱ्यांवर सारखा पडतो. शाळेचा वर्गफोटो आणि कचेरीतल्या निरोपसमारंभाचा फोटो आजही पायऱ्यांवर निघतो, त्याचं मूळ या सोयीत आहे. गोव्यात चर्चच्या पायऱ्यांवर वऱ्हाड उभं करतात, त्यामागे श्रद्धेइतकंच हेही कारण असावं.

त्याच काळात मुंबईत नेमका उलटा प्रयोगही झाला. विल्यम जॉन्सन यांनी मुंबईत राहणाऱ्या आणि येणाऱ्या वेगवेगळ्या समाजांच्या समूहछायाचित्रांचे दोन खंड १८६३ आणि १८६६ मध्ये प्रसिद्ध केले. त्यातल्या बऱ्याच चित्रांत माणसं एका ठिकाणी टिपलेली आहेत आणि मागचं मुंबईचं दृश्य दुसरीकडून आणून जोडलेलं आहे. नीट पाहिलं की पायांपाशी सांधा जाणवतो आणि माणसांवरचा उजेड मागच्या उजेडाशी जुळत नाही. समूहाची पार्श्वभूमी नंतर बदलावी की नाही हा प्रश्न संगणकाबरोबर आला असं मानणाऱ्यांनी हे खंड जरूर पाहावेत. हातात कात्री होती तेव्हापासूनच तो आहे.

रंगवलेला पडदा

राजा दीनदयाळ यांचा मुंबईतला स्टुडिओ १८९६ चा. तोवर रंगवलेला पडदा हा स्टुडिओचा अविभाज्य भाग झाला होता. संगमरवरी कठडा, वळणदार जिना, दूरवर तळं, बाजूला एखादा खांब असा त्याचा ठरलेला साचा होता. मूळ विलायती असला तरी तो रंगवणारे हात इथलेच होते आणि त्यांचा नाटकाशी जवळचा संबंध होता. कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे संगीत नाटक मंडळ्यांच्या पडद्यांसाठी नावाजलेले होते. दादासाहेब फाळक्यांनी गोध्र्याला फोटो स्टुडिओ चालवला होता आणि नाटकाचे पडदेही रंगवले होते. रंगमंच, स्टुडिओ आणि सिनेमा यांच्यात चित्रकार सहज ये-जा करत. नाटकातला राजवाडा आणि कुटुंबाच्या फोटोमागचा महाल एकाच वळणाचे दिसतात ते यामुळे.

जत्रेतल्या फोटोवाल्याने हीच गोष्ट स्वस्त केली. कापडावर काढलेलं विमान, पुठ्ठ्याची चंद्रकोर, ताजमहाल. तिथे जाणाऱ्या कुणालाही तो पडदा खरा वाटत नव्हता, आणि तसा तो वाटावा अशी अपेक्षाही नव्हती.

समारंभ मात्र या पडद्यापासून बराच काळ लांब राहिला. पडदा स्टुडिओत टांगलेला आणि समारंभ घरी, वाड्यात, देवळाच्या सभामंडपात. हातात नेता येणारा फ्लॅश स्वस्त झाल्यावर छायाचित्रकार रात्री आणि छताखालीही समूह टिपू लागला, आणि मागे काय दिसतं हा प्रश्न पहिल्यांदाच कार्यालयात आला.

पाटीकडून फ्लेक्सकडे

मंगल कार्यालयातला जुना मंच आठवून पाहा. मरून किंवा निळा मखमली पडदा, वर झालर, समोर दोन सिंहासनवजा खुर्च्या. पडद्यावर टाचण्यांनी लावलेली थर्मोकोलची अक्षरं: 'चि.' अमुक आणि 'चि. सौ. कां.' तमुक. त्या अक्षरांना जरीचा कागद चिकटवलेला असे आणि फ्लॅश पडला की त्यांतलं एखादं हमखास चमकून पांढरं व्हायचं.

ही अक्षरं पार्श्वभूमीवर आली ही माझ्या मते या सगळ्या प्रवासातली महत्त्वाची घडामोड आहे. शाळेच्या वर्गफोटोत माहिती पुढे असते. पहिल्या ओळीतल्या मुलाच्या पायाशी पाटी, तिच्यावर खडूने 'इयत्ता १० वी ब' आणि साल. मागे काहीही असलं तरी चालतं, कारण सांगायचं ते पाटीने सांगितलेलं असतं. कार्यालयात तेच काम पार्श्वभूमीकडे गेलं. फ्लेक्स छपाई गावोगाव पोचल्यावर त्याला धरबंधच उरला नाही. नावं, तारीख, जोडप्याचा मोठा फोटो, कुलदैवत आणि काही ठिकाणी शुभेच्छुक पुढाऱ्यांचे हसरे चेहरे. परिणामी ग्रुप फोटोत प्रत्यक्ष उभ्या असलेल्या वीस चेहऱ्यांमागे न आलेले आठ-दहा चेहरे कायमचे उभे राहिले.

पुरस्कार सोहळ्यांतली प्रायोजकांची भिंत याच घराण्यातली. तिच्यावर बोधचिन्हं तिरप्या ओळींत पुन्हापुन्हा छापतात, कारण फोटो कसाही कापला तरी एखादं चिन्ह चौकटीत राहावं. ती पार्श्वभूमी समूहासाठी नसतेच, फोटो पुढे छापून येईल त्या पानासाठी असते.

आजच्या भूमिका

आज व्यवसायात ढोबळमानाने तीन मतं ऐकू येतात, आणि प्रत्येकाला काही ना काही आधार आहे.

पहिलं मत साध्या पार्श्वभूमीचं. राखाडी, मातकट हिरवा किंवा फिका, चमक नसलेला कापडी पडदा. समारंभाचा फोटो माणसांसाठी असतो, तीस वर्षांनी कुणी फुलं बघायला अल्बम उघडत नाही, असं हे लोक म्हणतात. एकाच कुटुंबात सावळी, गहू वर्णाची आणि गोरी माणसं शेजारी उभी असतात, तेव्हा मध्यम छटेची पार्श्वभूमी सगळ्यांना न्याय देते. पांढऱ्या भिंतीपुढे कॅमेऱ्याचा मीटर फसतो आणि चेहरे काळवंडतात. काळ्या मखमलीपुढे केस पडद्यात विरघळतात. आक्षेप असा की हा फोटो पासपोर्टच्या वळणावर जातो. वर्षभर आधी कार्यालय ठरवून, तीन महिने सजावटीवर खल करून कुटुंब राखाडी कापडापुढे उभं राहायला तयार होत नाही.

दुसरं मत सजावटीच्या बाजूचं. यजमानाने जे उभं केलं त्यावर त्याचा जीव आहे आणि पैसाही. सजावट हीच त्या दिवसाची ओळख आहे, ती दिसलीच पाहिजे. हे केवळ हौसेचं समर्थन नाही. नावं आणि तारीख मागे असलेला फोटो पन्नास वर्षांनीही ओळखता येतो. बमाकोचे छायाचित्रकार सेदू केता आपल्या मागचं कापड दर दोन-तीन वर्षांनी बदलत, आणि त्यांच्या फोटोंचा काळ पुढे त्या कापडावरूनच ठरवता आला. आपल्याकडच्या अल्बममध्येही हे जमतं. मखमल आणि थर्मोकोल एका पिढीचे, फ्लेक्स पुढच्या, कृत्रिम फुलांची भिंत त्याच्याही पुढच्या. अडचण रंगाची होते. झेंडूच्या केशरी भिंतीपुढे भगवे फेटे बांधलेली दहा माणसं उभी केली की फेटे दिसतच नाहीत. डेकोरेटरला साड्या माहीत नसतात, साड्या घेणारीला मंच माहीत नसतो.

तिसरं मत जागेचं. वाडा, देऊळ, चर्च, शेत, शाळेची इमारत, जिथे समारंभ आहे ती जागाच मागे असावी. वृत्तछायाचित्रणातून आलेल्या पिढीला हे जवळचं वाटतं, आणि माझाही कल थोडा इकडेच आहे. पण जागा छायाचित्रकाराचं ऐकत नाही. दुपारी साडेबाराचा मुहूर्त असेल तर अंगणात ऊन डोक्यावर, डोळ्यांच्या खोबणीत सावल्या आणि निम्मी मंडळी डोळे बारीक केलेली. संरक्षित स्मारकांमध्ये व्यावसायिक चित्रीकरणाला परवानगी लागते, ती समारंभाच्या धावपळीत कोण आणणार? शिवाय लग्नाच्या जेवणाची पंगत खोळंबलेली असताना चाळीस माणसांना दोनशे पावलं चालवत नेणं हे काम ज्याने केलं आहे त्यालाच ठाऊक.

मोजमापांचा हिशेब

या मतभेदांत अनेकदा विसरलं जातं की निम्मा निर्णय रुचीने होतच नाही, तो फुटांनी होतो.

खांद्याला खांदा लावून सरळ उभ्या माणसाला साधारण दीड फूट लागतो. बारा माणसांची ओळ म्हणजे अठरा फूट. स्टुडिओतला कागदी रोल रुंदीला सुमारे नऊ फूट असतो, म्हणजे त्यापुढे पाच-सहा माणसं. मंचाची सजावट सोळा फुटांची असेल आणि सोफा हलवता येत नसेल, तर ओळीच्या टोकाचे काका सजावटीबाहेर जातात. त्यांच्यामागे कार्यालयाचा स्विचबोर्ड, गुंडाळून ठेवलेली सतरंजी किंवा 'पुरुष प्रसाधनगृह' ही पाटी येते. असे फोटो घरोघरी आहेत. माणसं दोन ओळींत उभी केली, किंचित तिरकी वळवली, की हा प्रश्न बराच सुटतो. पण टोकाला उभे राहणारे बहुधा ज्येष्ठ व्याही असतात आणि त्यांना तिरकं उभं राहायला सांगायचं धाडस नवख्याला होत नाही.

दुसरा हिशेब खोलीचा. एकट्या नवरीच्या फोटोत मागचं सगळं धूसर करता येतं, समूहात ही सोय नसते. तीन ओळी असतील तर पुढच्या आजीपासून मागच्या भाच्यापर्यंत सगळे स्पष्ट हवेत, म्हणून अ‍ॅपर्चर ५.६ किंवा ८ वर न्यावं लागतं. तेवढ्यावर मागे तीन-चार फुटांवरचा पडदाही जवळजवळ तितकाच स्पष्ट येतो. त्याच्या चुण्या, कृत्रिम फुलांमधली हिरवी जाळी, फ्लेक्सवरचा छापखान्याचा फोन नंबर, सगळं वाचता येतं. एकट्याच्या फोटोत खपून जाणारी पार्श्वभूमी समूहात खपत नाही याचं कारण हे आहे. या वादाची तांत्रिक गाठही मला इथेच दिसते.

तिसरा हिशेब उजेडाचा. दिव्यापासूनचं अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई उरतो. माणसं फ्लॅशपासून दहा फुटांवर आणि पडदा वीस फुटांवर असेल तर पडदा आपोआप मंद होतो, चेहरे उठून येतात. पण मंचावर माणसं पडद्याला पाठ टेकून उभी राहतात. मग त्यांच्या सावल्या पडद्यावर पडतात आणि गुळगुळीत फ्लेक्स असेल तर मधोमध फ्लॅशचा पांढरा डाग येतो. समूहाला पडद्यापासून पाच-सहा फूट पुढे आणणं हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे. तो सगळ्यात कमी वापरला जातो, कारण तेवढी जागा मंचावर सोडलेलीच नसते.

अलीकडे एलईडी भिंत आली आहे आणि तिने जुन्या हिशेबांत नवे घातले. ती स्वतः प्रकाश देते. तिचा जांभळा-निळा रंग माणसांच्या कानांवर आणि केसांच्या कडांवर उतरतो. तिचे ठिपके काही मिलिमीटर अंतरावर असतात. भिंत स्पष्ट टिपली गेली की ठिपक्यांची जाळी आणि कॅमेऱ्याच्या सेन्सरची जाळी एकमेकींवर पडून फोटोत लाटा उमटतात. शटर वेगवान ठेवलं तर आडवे पट्टे येतात. भिंतीची तीव्रता कमी करायला सांगा, असं छायाचित्रकार म्हणतात. भिंतीचा माणूस म्हणतो, मग हॉलमधल्या पाहुण्यांना काय दिसणार? दोघांचंही बरोबर आहे.

अभ्यासकांची नजर

मानववंशशास्त्रात स्टुडिओतल्या रंगवलेल्या पडद्यावर गंभीर लिखाण झालं आहे. मुंबईत जन्मलेले अर्जुन अप्पादुराई यांनी १९९७ मध्ये वसाहतकालीन पार्श्वभूमीवर एक निबंध लिहिला. रंगवलेला पडदा छायाचित्राच्या वास्तवदर्शीपणालाच आव्हान देतो, तो आधुनिकतेशी खेळून पाहण्याची जागा असतो, असा त्यांचा रोख होता. त्याच वर्षी ख्रिस्तोफर पिनी यांचं 'कॅमेरा इंडिका' आलं. त्यात मध्य प्रदेशातल्या नागदा गावच्या स्टुडिओंचा अभ्यास आहे. लोक स्टुडिओत आपली रोजची ओळख नोंदवायला येत नाहीत, त्यांना रोजच्यापेक्षा वेगळं आणि चांगलं दिसायचं असतं, असं पिनी मांडतात. खोल दृश्य नाकारून पृष्ठभागावरच खेळणारा पडदा त्यांना त्यासाठी महत्त्वाचा वाटतो.

फ्लेक्स आणि ताजमहालाला नाक मुरडणाऱ्यांना हे लिखाण चांगलं उत्तर आहे. पण ते समारंभाला जसंच्या तसं लावता येईल असं मला वाटत नाही. स्टुडिओत गिऱ्हाईक आपला पडदा आपण निवडतं. समारंभात निवड एकाची असते आणि पुढे उभे राहतात पन्नास. आत्या, शेजारी, ऑफिसातले सहकारी दुसऱ्याच्या स्वप्नापुढे उभे असतात आणि तो फोटो त्यांच्याही घरी जातो. समूहाची पार्श्वभूमी कुणाची, यावरचं लिखाण त्या मानाने फार थोडं आहे.

न सुटलेलं

पहिला न सुटलेला प्रश्न साहित्याचा. महाराष्ट्रात मार्च २०१८ च्या अधिसूचनेने सजावटीच्या थर्मोकोलवर बंदी आली. देशभरात १ जुलै २०२२ पासून सजावटीचं थर्मोकोल आणि १०० मायक्रॉनपेक्षा पातळ प्लास्टिक किंवा पीव्हीसीचे बॅनर बंद झाले. कापडावरची छपाई हा सरळ पर्याय आहे आणि ती फोटोलाही चांगली, कारण ती फ्लॅश परतवत नाही. मात्र ती महाग पडते आणि तिच्यावर चुण्या पडतात. पुन्हापुन्हा भाड्याने देता येणारी कृत्रिम फुलांची भिंत हीसुद्धा बहुतेक प्लास्टिकचीच असते. एकदा वापरून फेकायच्या फ्लेक्सपेक्षा ती बरी की नाही, यावर व्यवसायात एकमत नाही.

दुसरा प्रश्न संगणकाचा, आणि सध्या सगळ्यात जास्त बोललं जातं ते यावरच. २०२३ मध्ये फोटोशॉपमध्ये मजकूर लिहून चित्राचा भाग नव्याने तयार करायची सोय आली. मागची प्रसाधनगृहाची पाटी पुसणं आता काही सेकंदांचं काम आहे. इतपत सगळ्यांना मान्य दिसतं. वाद पुढे आहे. कार्यालयाच्या जागी राजवाडा घालावा का? सध्या तरी यंत्र गजऱ्याच्या कडा, मोकळे केस आणि दोन माणसांच्या मधल्या फटीत अडखळतं. जितकी माणसं जास्त तितक्या कडा जास्त, म्हणून समूहात चूक लवकर पकडली जाते. ही अडचण तात्पुरती आहे. ती सरल्यावर प्रश्न निव्वळ तत्त्वाचा उरेल. वृत्तछायाचित्रणाला याबाबत कडक दंडक आहेत, समारंभाच्या छायाचित्रणाला नाहीत. एक बाजू म्हणते, गिऱ्हाइकाचा फोटो, गिऱ्हाइकाची मर्जी. जुन्या ग्रुप फोटोतही गैरहजर शिक्षकांचा चेहरा कोपऱ्यातल्या गोलात चिकटवत होतेच. दुसरी बाजू म्हणते, तो गोल स्वतःहून सांगत होता की हा माणूस तिथे नव्हता.

तिसरा प्रश्न अधिकाराचा, आणि बाकीच्या दोन्हींपेक्षा तो मला कळीचा वाटतो. मंच किती रुंद, सोफा कुठे, दिवे कोणत्या रंगाचे, हे ठरवताना छायाचित्रकाराला विचारायची पद्धत अजून रुळलेली नाही. काही जण आता करारातच लिहून घेतात की मंचाचा आराखडा आठवडाभर आधी मिळेल, सोफ्यामागे पाच फूट मोकळे राहतील, आणि मोठ्या समूहांसाठी कार्यालयाबाहेर एक सावलीची जागा राखून ठेवली जाईल. डेकोरेटर याला आपल्या कामातली लुडबुड मानतात. यजमान मध्ये सापडतो आणि बहुधा ज्याचं बिल मोठं त्याचं ऐकतो. याच करारांत आणखी एक कलम हळूहळू दिसू लागलं आहे: पार्श्वभूमी बदललेल्या फोटोबरोबर मूळ फोटोही द्यायचा. तो फुकट द्यायचा की वेगळे पैसे लावून, यावर आजमितीला प्रत्येकाचा दर निराळा आहे.